नाताळची मेजवानी आणि बोनस: आधी काय द्यावे, आणि कोणाला?

हिशेबनीस:

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात मी पगारपत्रकाचे काम पाहतो. आमचा बहुतेक माल परदेशात जातो. तिकडच्या दुकानांची नाताळची विक्री उरकली की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खरेदीदारांची कार्यालये बंद होतात आणि आमच्याकडेही कामाचा ताण उतरतो. त्या दिवसांत काही वर्षांपासून कार्यालयात नाताळची पार्टी होऊ लागली आहे. २४ तारखेला वरच्या मजल्यावर केक कापतात, चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात आणि रात्री हॉटेलात जेवण असते.

पार्टीला माझा विरोध नाही. मला खुपते ते असे की, शिलाई आणि पॅकिंग खात्यातल्या ज्या बायका तळमजल्यावर टॉवेलच्या कडा शिवतात, सुटे धागे कापतात आणि घड्या घालून पेट्या भरतात, त्यांना या कार्यक्रमाचे साधे आमंत्रणही नसते. लाल-हिरवे, बर्फाच्या चांदण्या विणलेले नाताळचे टॉवेल त्यांनी ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, माल वेळेत बंदरावर पोहोचावा म्हणून जादा वेळ थांबून भरलेले असतात. पार्टी संपल्यावर उरलेला केक कागदी बशांतून खाली पाठवला जातो.

दिवाळीच्या बोनसचीही तीच गत आहे. कार्यालयातल्या आम्हा सर्वांना एक पूर्ण पगार मिळतो. या बायका ठेकेदाराच्या हजेरीवर असल्याने त्यांना ठेकेदार ठरवेल ती रक्कम मिळते आणि तिच्यातूनही वर्षभराची उचल वळती होते, त्यामुळे कित्येकींच्या हाती सणाच्या तोंडावर मिठाईच्या पुड्याशिवाय काही पडत नाही. सर्व खात्यांचा बोनस एकाच दिवशी आणि एकाच नियमाने दिला जात नाही, तोपर्यंत मालकांनी मेजवानीवर खर्च करू नये, असे माझे मत आहे. इतरांना काय वाटते?

मागवाला:

मी स्वतः छोटा कारखानदार आहे. आपली कळकळ समजते, पण मत पटत नाही. सुताचा भाव महिन्यात दोनदा बदलतो, विजेचे बिल कोणासाठी थांबत नाही, आणि परदेशी खरेदीदार पैसे देतो ते माल पोहोचल्यावर साठ-नव्वद दिवसांनी. दिवाळीत बोनस देण्यासाठी आमच्यातले अनेक जण बँकेतून उचल करतात, हे कामगारांना दिसत नाही. चाळीस माणसांच्या एका जेवणाचा खर्च तीनशे कामगारांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला शे-सव्वाशे रुपये येतील. त्याने कोणाचे घर चालणार आहे? उलट निर्यातीची कागदपत्रे नीट करणारी, इंग्रजीतून खरेदीदाराशी बोलणारी मुले दोन वर्षांत पुण्याला निघून जातात. त्यांना इथे रमवायचे असेल, तर वर्षातून एकदा चांगले जेवण घालणे ही उधळपट्टी ठरत नाही.

आणखी एक. आमच्या पूर्व भागात खंडेनवमीला मागांची पूजा होते, तेव्हा मालक आणि कामगार एकाच पंगतीला बसतात. खालच्यांना कोणी विचारत नाही, हे चित्र सगळ्या सोलापूरचे नाही.

कामगार कायदा:

दोन गोष्टींची गल्लत होत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मेजवानी द्यावी की नाही, हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न आहे. बोनस तसा राहिलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांनी बोनस द्यायला सुरुवात केली. १९२३ चा बोनस नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या आरंभी गिरणी कामगारांनी मोठा संप केला. त्या वेळी नेमलेल्या चौकशी समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, असाच निष्कर्ष काढला होता. तिथून १९६५ च्या बोनस कायद्यापर्यंत यायला चार दशके लागली. त्या कायद्याने किमान ४ आणि कमाल २० टक्के ही चौकट घातली, आणि तोटा झाला तरी किमान बोनस चुकत नाही, हेही ठरवले; किमान दर पुढे दुरुस्तीने ८.३३ टक्के झाला. बोनस कायद्याची जागा घेणाऱ्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के हे दर कायम आहेत. वर्षात तीस दिवस काम केलेला कामगार त्यास पात्र ठरतो, आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत रक्कम द्यावी लागते. मार्चअखेर वर्ष धरले तर ही मुदत ३० नोव्हेंबरला संपते. तेव्हा नाताळच्या केकवर सुरी फिरण्याआधी बोनस चुकता झालेला असणे, ही मालकाची कृपा नसून कायद्याची अपेक्षा आहे.

‘एक पगार बोनस’ या बोलण्याबद्दलही थोडे सांगतो. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणून लोक त्याला एक पगार म्हणतात. परंतु बोनस कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर पात्रतेसाठी २१,००० रुपयांची मासिक मर्यादा आली, आणि हिशेब ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर करायचा असे ठरले. केवळ ७,००० धरले, तर वर्षाचे ८४,००० होतात आणि त्यांचे ८.३३ टक्के म्हणजे ६,९९७ रुपये. अठरा हजार पगाराच्या माणसाला इतकीच रक्कम मिळाली, तर तिला एक पगार म्हणता येत नाही. शिवाय किमान वेतन ७,००० हून जास्त असताना हिशेब ७,००० वरच करणे, हे सरळसरळ नियमाविरुद्ध आहे. हिशेबनीस, आपण पगारपत्रक पाहता, म्हणून हे आधी तपासा.

राहिला प्रश्न ठेकेदाराचा. वेतन संहितेच्या कलम ४३ प्रमाणे, नेमणूक करणाऱ्याने देणे चुकवले तर ज्या आस्थापनेत काम चालते तिच्या मालकावर ती जबाबदारी येते. ‘तो ठेकेदाराचा विषय आहे’ असे म्हणून मालकाला सुटता येत नाही.

होटगी रोड:

मी पुण्यात सहा वर्षे संगणक कंपनीत काम करून सोलापूरला परतले. पार्टी आणि बोनस हे एकमेकांच्या विरुद्ध उभे करू नयेत, असे मला वाटते. पार्टी रद्द झाली, तर ते पैसे तळमजल्यावर जातील याची हमी कोण देणार? माझा अनुभव असा की, असे वाचलेले पैसे मालकाच्याच खात्यात राहतात आणि वर्षभरात वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलण्याची एकच संध्याकाळही हातची जाते. नव्या मुलींना तर त्या एका संध्याकाळी कळते की, आपल्या विभागाबाहेरही ओळखीची माणसे आहेत.

मात्र आमंत्रण सर्वांना हवे, या मुद्द्यावर मी हिशेबनीसांच्या बाजूने आहे. जिथून ही पद्धत आली, त्या ब्रिटनमध्ये अशा वार्षिक कार्यक्रमावरचा माणशी १५० पौंडांपर्यंतचा खर्च कर्मचाऱ्याच्या करातून वगळला जातो, पण त्यासाठी तो कार्यक्रम सर्व कर्मचाऱ्यांना खुला असावा लागतो. निवडक लोकांना जेवू घातले, तर सवलत नाही. आपण केक घेतला, टोप्या घेतल्या. ही अट घ्यायला काय हरकत होती?

रेल्वे लाइन्स:

मी ख्रिस्ती आहे, आणि इतक्या लांब चर्चेत कोणीच न मांडलेला मुद्दा मला मांडावासा वाटतो. नाताळ हा आमचा सण आहे. २४ तारखेच्या रात्री आमच्या मंडळीत उपासना असते, त्याआधी घरी करंज्या आणि केक करायचे असतात, पाहुणे आलेले असतात. नेमक्या त्याच संध्याकाळी कार्यालयाची पार्टी ठेवली जाते आणि ‘तुमचाच तर सण, तुम्ही हव्यातच’ असा आग्रह होतो. ज्यांच्या सणाच्या नावाने कार्यक्रम करता, त्यांना त्या दिवशी दुपारीच घरी सोडले, तर तो खरा मान ठरेल. पार्टी १८-१९ तारखेला ठेवा, आम्ही आनंदाने येऊ.

बोनसविषयीही सांगते. तो दिवाळीला मिळतो, हे योग्यच आहे. बहुसंख्यांचा सण तो. आम्ही त्यातले पैसे डिसेंबरपर्यंत बाजूला ठेवतो. पण मुसलमान सहकाऱ्यांची ईद कायद्याच्या मुदतीच्या कितीतरी आधी येऊ शकते. त्यांनी मागितल्यास बोनसचा काही भाग आधी देण्यात मालकाचे काय नुकसान आहे? फिलिपिन्समध्ये १९७५ पासून तेरावा पगार कायद्याने द्यावा लागतो आणि त्याची शेवटची तारीख २४ डिसेंबर आहे, कारण तिथल्या बहुसंख्यांचा सण तो. रक्कम सणाआधी हातात पडावी, हे तत्त्व सर्वांनाच लागू करावे.

मागवाला:

ताई, आपले म्हणणे मान्य आहे. आमच्याकडे बुनकर मुसलमान कामगारांना ईदेला उचल देतो, पण तिला बोनस म्हणत नाही; यापुढे तसा विचार करता येईल. कायद्याच्या मुद्द्यावर मात्र माझा आक्षेप कायम आहे. तो वीस किंवा अधिक कामगार असलेल्यांनाच लागू आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या बंद पडल्यावर शहराचे कापडकाम छोट्या शेडमध्ये गेले, आणि त्यांतल्या बऱ्याच जागी वीस माणसे नाहीत. तिथला मालक जे देतो, ते स्वखुशीनेच देतो. त्याला मोठ्या निर्यातदाराच्या पंगतीला बसवू नका.

कामगार कायदा:

एका शेडमध्ये, एकाच मीटरवर, घरातल्या तिघांच्या नावांनी तीन कारखाने दाखवले असतील, तर वीसचा आकडा कसा मोजायचा हे अधिकारी तपासू शकतो. खरोखर बारा माणसांचा कारखाना असेल, तर आपले म्हणणे बरोबर आहे.

हिशेबनीस:

सर्वांचे आभार. आमच्याकडे तीनशेच्या आसपास माणसे आहेत, त्यामुळे वीसची मर्यादा आम्हाला आड येत नाही.

पार्टी बंद करा, ही माझी मागणी मी मागे घेतो; होटगी रोड यांचा वाचलेल्या पैशांबाबतचा प्रश्न बिनतोड आहे. त्याऐवजी मालकांपुढे तीन गोष्टी लेखी ठेवणार आहे. ठेकेदाराच्या बोनसचे पत्रक माझ्या टेबलावरून जावे आणि हिशेब किमान वेतनावर व्हावा. उचल वळती करायची असेल, तर ती दरमहा थोडी थोडी करावी, बोनसला हात लावू नये. आणि डिसेंबरचे जेवण १९ तारखेला, दुपारच्या सुट्टीत, कारखान्याच्याच आवारात असावे, कारण शिलाई खात्यातल्या बहुतेक बायकांना रात्री घराबाहेर थांबता येत नाही आणि शहराच्या टोकाला परत जायला बस मिळत नाही.

मागवाला साहेब, ठेकेदाराने पत्रक दाखवायला नकार दिला, तर आपल्यासारखे मालक त्याच्याशी कसे बोलतात, हे कृपया सांगावे. त्याचा ठेका मार्चमध्ये नव्याने होणार आहे.