मदत हवी आहे: चौकाजवळ पुतळा आणि बसायला पार बांधायचाय, परवानगी कुठून सुरू करायची?

नमस्कार मंडळी, पुण्यातल्या भिडे वाड्यात १८४८ ला सावित्रीबाई-जोतिरावांनी मुलींची शाळा काढली, तर आमच्या पेठेत सावित्रीबाईंचा अर्धपुतळा आणि भोवती बसायला दगडी पार व्हावा असं आम्हा रहिवाशांना मनापासून वाटतंय. चौकात टू-व्हीलर आडव्यातिडव्या, आज्यांना भाजीची पिशवी टेकवायलाही जागा नाही. पण २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे रस्त्यात, फुटपाथवर पुतळा उभारता येत नाही, म्हणून शेजारचा मोकळा प्लॉट बघतोय. आधी महापालिकेत जायचं का कलेक्टर ऑफिसला? आणि फायबरचा पुतळा नकोच, मंडईतला टिळकांचा पुतळा १९२४ पासून उभा आहे, तसं टिकाऊ काम हवंय. कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, कागदपत्रं कोणती लागली ते पण.