‘अंडरवॉटर’ आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत : अनुभव धागा

२०२० च्या जानेवारीत प्रदर्शित झालेला, विल्यम युबँक दिग्दर्शित ‘अंडरवॉटर’ मी गेल्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला घरी दुसऱ्यांदा पाहिला. समुद्रतळावरचे खोदकाम केंद्र पहिल्या काही मिनिटांतच कोसळते, वाचलेली सहा माणसे अवजड पोशाख चढवून तळावरून चालत दुसऱ्या केंद्राकडे निघतात आणि अंधारातले काहीतरी त्यांच्या मागावर असते, एवढेच कथानक आहे. १९७९ चा ‘एलियन’ हा अंतराळातला भयपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. मार्को बेल्ट्रामी आणि ब्रँडन रॉबर्ट्स यांच्या संगीताने मात्र मला दोन्ही वेळा जागेवरून उठू दिले नाही. आपण हा चित्रपट कुठे आणि कशावर पाहिला, संगीताने आपल्यावर काय परिणाम केला, हे कृपया सविस्तर लिहावे.

परभणी, निवृत्त विज्ञान शिक्षक

‘एलियन’कडून केलेल्या उसनवारीबद्दल दुमत नाही. पण ही उसनवारी जुनीच आहे. ‘द अॅबिस’, ‘लेव्हायथन’ आणि ‘डीपस्टार सिक्स’ हे तिन्ही पाण्याखालचे चित्रपट १९८९ या एकाच वर्षी आले होते आणि त्यांच्यावरही ‘नवे काय?’ हाच आक्षेप घेता येतो. मला रस होता तो शास्त्रात. दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे चित्रपटातल्या सुमारे ११ किलोमीटर खोलीवर तो हजारपटीच्याही पुढे जातो. त्यामुळे शिरस्त्राणाला तडा गेल्यावर काय होते, ते या चित्रपटातले दृश्य मला पटले. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्या कानांना पाण्याखाली नीट कळत नाही. या संगीतातला खालचा घुमारही असाच सगळीकडून आल्यासारखा वाटतो. संगीतकारांनी हे जाणून केले की योगायोगाने झाले, हे मी वर्गात सोडवायला दिले असते.

नांदेड, ऑर्केस्ट्रातील कीबोर्डवादक

मी हा चित्रपट प्रथम मोबाइलवर पाहिला आणि संगीत आहे कुठे, असा प्रश्न पडला. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जातले सूर बाहेरच येत नाहीत आणि या संगीताचा सगळा जीव खर्जात आहे. लग्नसराई संपल्यावर आमचे मोठे बेस स्पीकर मोकळे होते, त्यांवर लावून पाहिले, तेव्हा पत्रे थरथरले आणि शेजारचे काका विचारपूस करायला आले.

तंबोऱ्याचा षड्ज सतत चालू असतो आणि तो गायकाला आधार देतो. इथेही सूर सतत चालू राहतो, पण आधार काढून घेतो. हे कसे साधते, ते पेटीवाल्यांना लगेच कळेल : एकाच स्वराच्या दोन रीड, म्हणजे पेटीतल्या कंप पावणाऱ्या धातूच्या पात्या, किंचित बेसूर झाल्या की स्वर डोलू लागतो आणि ऐकणाऱ्याला अस्वस्थ वाटते. सिंथेसायझरवर हा डोल हवा तितका संथ करता येतो, त्यावर फिल्टर, म्हणजे आवाजातला काही भाग अडवून धरणारी सोय, हळूहळू उघडत नेता येतो आणि मग केंद्रातल्या यंत्राची घरघर कुठे संपली व संगीत कुठे सुरू झाले, हे कानाला ठरवता येत नाही. ही युक्ती नवी नाही. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’चे लुई आणि बेबे बॅरन या दांपत्याने केलेले संगीत संपूर्ण इलेक्ट्रॉनिक होते आणि तिथेही यंत्राचा आवाज व संगीत असे वेगळे काढणे अवघड जाते. म्हणजे संगीतही उसनेच म्हणावे लागेल. फरक इतकाच, की पटकथेने पाहुण्याचे कपडे तसेच अंगावर चढवले आणि संगीतकारांनी ते आपल्या मापाचे करून घेतले.

एक तक्रार आहे. शेवटी प्रचंड प्राणी दिसू लागल्यावर संगीतही आवाज चढवते, तेव्हा माझी भीती संपली. वाजवणाऱ्याला थांबायचे कुठे, हे कळायला हवे.

बीड, चित्रफीत संकलक

या चित्रपटातली पाण्याखालची बरीच दृश्ये प्रत्यक्ष पाण्याविना चित्रित झाली आणि पाण्याचा आभास नंतर दिला गेला. ओलावा निर्माण करण्याचे निम्मे काम आवाजाला करावे लागले, हे लक्षात ठेवून पाहावे.

अंबड तालुका, जालना, शेतकरी

मुलाने दूरदर्शन संचावर लावला होता. संवाद इंग्रजी, म्हणून अर्थ तो सांगत होता. मला संवादांची गरज पडली नाही. लहानपणी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते. ते चालू असताना आम्ही बुडी मारली की, पाण्यात उतरलेल्या पाइपातून त्याची धडधड थेट छातीत यायची. कानांनी ऐकल्यासारखी वाटायचीच नाही. वर आलो की तेच इंजिन नेहमीचे फटफट वाजायचे. चित्रपटातली माणसे तळावरून चालू लागतात, तेव्हा मला चाळीस वर्षांनी ती धडधड पुन्हा जाणवली. राक्षस मात्र कंटाळवाणे आहेत.

लातूर, गृहिणी

२०१६ साली रेल्वेने आलेले पाणी भरून घर चालवलेल्या बाईला पाण्याची भीती घालणे सोपे नाही. मी अर्ध्या तासात झोपले. चित्रपट संपल्यावर एकही ओळ गुणगुणता येत नसेल, तर त्याला संगीत का म्हणावे, हे कोणी समजावून सांगावे.

नांदेडचे कीबोर्डवादक

ताई, गुणगुणायला त्यात खरोखरच काही नाही. एकदा चित्र न पाहता, फक्त हेडफोनवर ऐकून पाहावे, एवढीच विनंती.

लातूर, गृहिणी

दादा, मुलाचे हेडफोन घेऊन स्वयंपाकघरात बसून ऐकले. दुसऱ्या तुकड्यातच वाटले की कुकर कधीचा वाफ सोडतो आहे, म्हणून घाईने उठून पाहिले. शेगडी बंद होती आणि कुकर घासून पालथा घातलेला होता. चित्रपटाबद्दलचे माझे मत बदललेले नाही.