मलनिःसारण आकार भरतोच आहोत, मग सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया संयंत्र) कशाला चालवायचा?

भांडुपची_खजिनदार:
नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला आमची १४० घरांची सोसायटी आहे आणि यंदा खजिनदारकी माझ्याकडे आली आहे. बिल्डरने तळघरात एसटीपी दिला, आता त्याला नऊ वर्षं झाली. टाकीत हवा सोडणाऱ्या दोनपैकी एक ब्लोअर जळालाय, दुसरा धापा टाकतोय. दुरुस्तीचं कोटेशन २ लाख ८० हजारांचं आलं आणि कमिटीत भांडण सुरू झालं. सभासद पाण्याचं बिल पुढे करतात. त्यात पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिःसारण आकार लागून येतो. "आपली घाण न्यायचे पैसे महापालिका घेते, शिवाय भांडुपला नवं मलजल प्रक्रिया केंद्र होतंय, मग आपण दुसऱ्यांदा पैसे का घालायचे?" मला हे पटत नाही, पण आकडे मांडून उत्तर देता येत नाहीये. कुणी समजावेल का?

मुलुंडकर७४:
आम्ही तीन वर्षांपूर्वी बंद केला. लाइन थेट मलवाहिनीला आहे. महिन्याची वीज आणि ऑपरेटरचा पगार वाचतो. टँकर मात्र वाढलेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये.

पंपहाऊसवाले_काका:
ताई, मी ३१ वर्षं मलजल उदंचन केंद्रांवर, म्हणजे मैलापाणी पंपाने पुढे ढकलणाऱ्या केंद्रांवर, काढली. पाळीत असताना एकच भीती असायची, पंप थांबला तर. मैला कुणासाठी थांबत नाही. रात्री तीनला वीज गेली तरी तो येतच राहतो. म्हणून सांगतो, केंद्र बांधायला पैसा मिळतो, अडतं ते रोज चालवण्यावर.

मोठं उदाहरण आधी घ्या. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा अशी सात प्रक्रिया केंद्रं होताहेत, मिळून रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटरची. १९ जानेवारी २०२३ ला पायाभरणी झाली तेव्हा खर्च १७,२०० कोटींच्या आसपास सांगितला होता. हा झाला बांधायचा पैसा. पुढे रोज हवा सोडायची, गाळ उपसून वाळवायचा, पंपांचे भाग बदलायचे. यात विजेचा मोठा वाटा हवा सोडण्यातच जातो. हे सगळं भागवायला आपल्या बिलातला तो आकार आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पात पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचा 'ग' भाग वेगळा मांडतात तो याचसाठी. तेव्हा ७० टक्के म्हणजे फक्त तुमच्या गटाराचं भाडं नाही. रस्त्याखालच्या वाहिन्या, पंप आणि केंद्रं त्यावर चालायची आहेत.

आता तुमचा हिशेब. आकार पाणीपट्टीवर लागतो, म्हणजे महापालिकेचं जेवढं पाणी कमी घ्याल तेवढा तोही उतरतो. पाण्याचे १०० रुपये वाचले की बिलात १७० वाचतात. माणशी १३५ लिटर धरलं तर त्यातले ४५ फ्लशला जातात, आणि ते काम प्रक्रिया केलेल्या पाण्यावर होतं. माणशी १५० लिटरच्या वर वापर गेला की दरही चढतात, ते वेगळंच. मुलुंडकर, तुमच्या टँकरची बिलं विजेच्या बचतीशेजारी ठेवून बघा.

एक कळकळीची विनंती. दुसरा ब्लोअर बंद पडायची वाट पाहू नका. हवा थांबली की टाकीतले जिवाणू मरतात, आणि पुन्हा शेण किंवा कल्चर (तयार जिवाणू) घालून टाकी जागेवर यायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस तळघरात उभं राहवणार नाही.

वेसाव्याची_लेक:
मी पैशाचं नाही बोलत. माझा आजा मालाडच्या खाडीत चिंबोऱ्या धरायचा. आता ओहोटीला तिथे काळा चिखल उघडा पडतो, बाबा जाळं धुतात तेव्हा हाताला वास दोन दिवस राहतो. वरच्या अंगाच्या इमारतींमधून जे सुटतं ते आमच्या दारात येतं. भांडुपकर ताई, तुमची खाडी ठाण्याची आहे, पण तिथेही कुणी जाळं टाकत असेल. तुम्ही एसटीपी चालू ठेवायला बघताय हे वाचून बरं वाटलं.

भांडुपची_खजिनदार:
काका, १७० चं गणित मी काल रात्री गेल्या बारा बिलांवर मांडलं. फ्लशचं पाणी पूर्ण क्षमतेने फिरवलं तर ब्लोअरचे पैसे दीड वर्षाच्या आत निघतात. उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव ठेव) ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. आमच्याकडे नऊ वर्षांत दुरुस्ती निधी निम्माच गोळा झालाय, खरं दुखणं तेच आहे. रविवारच्या सभेत दोन ठराव मांडतेय: ब्लोअर लगेच, आणि एसटीपीसाठी वेगळं खातं, ज्यातून रंगकामाला किंवा लिफ्टला पैसे काढायचे नाहीत. ताई, तुमच्या बाबांच्या हातांचं सभेत सांगितलं तर चालेल का?

वेसाव्याची_लेक:
सांगा की. नाव नका घेऊ, बाकी सगळं सांगा.