फाइलनावांचा नियम आपोआप पाळला जावा, यासाठी कोणते साधन वापरावे?

लातूरकर:
नमस्कार. सोयाबीन आणि तुरीचे रोजचे बाजारभाव दाखवणारे एक संकेतस्थळ आम्ही लातुरात सहा जण मिळून लिहीत आहोत. परवा एकाने 'बाजारभाव'ची फाइल मोठ्या 'बी'ने जतन केली आणि दुसऱ्याने इम्पोर्टमध्ये (ती फाइल कोडमध्ये मागवणाऱ्या ओळीत) छोटा 'बी' लिहिला. आमच्या विंडोजवर सारे सुरळीत चालले, लिनक्स सर्व्हरवर मात्र 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणून बिल्ड (संकेतस्थळाची बांधणी) अडून बसला. नियम रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) लिहिलेला आहे, पण तो वाचतो कोण? जाणकारांनी उपाय सुचवावा.

नांदेडकर:
आपल्याला एलएस-लिंट हे नावे तपासणारे साधन पुरेसे ठरेल. कोड तपासणाऱ्या ईएसलिंटसारखे ते मुख्यतः जावास्क्रिप्टसाठी नाही. चित्रे, एसक्यूएल, फोल्डर, सगळ्यांची नावे तपासते. त्याच्या वायएएमएल (सेटिंग्जच्या) फाइलीत 'केबाब-केस' ठरवून टाका, म्हणजे सारी अक्षरे लहान राहतील, शब्दांमध्ये आडवी रेघ येईल आणि मोठ्या-छोट्या 'बी'चा वादच मिटेल. बाहेरून घेतलेल्या कोडचा 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर तेवढा वगळा, नाहीतर दुसऱ्यांच्या फाइलींवरच ओरडत बसेल. पायथॉनच्या फाइली असल्यास त्यांना स्नेक-केस (शब्दांमध्ये अंडरस्कोर) लावा, कारण नावात आडवी रेघ असलेले मॉड्यूल साध्या इम्पोर्टने घेता येत नाही.

परभणीकर:
साधन योग्यच आहे, परंतु ते बसवता कुठे, हे अधिक महत्त्वाचे. केवळ प्री-कमिट हुकवर (बदल नोंदवण्याआधी आपोआप चालणाऱ्या तपासणीवर) विसंबू नका: कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचे हुक क्लोनबरोबर (प्रकल्पाची प्रत घेताना) येत नाहीत, प्रत्येकाने ते आपल्या संगणकावर बसवावे लागतात, आणि घाईत असलेला माणूस 'नो-व्हेरिफाय' लिहून ते सरळ ओलांडतो (मीही ओलांडले आहेत). तीच तपासणी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) ठेवून ती उत्तीर्ण झाल्याशिवाय मर्ज होणार नाही, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणार नाही, अशी अट मुख्य शाखेवर घाला. हुक असू द्यावा, पण सोयीपुरता.

लातूरकर:
दोघांचेही आभार. जुन्या फाइलींचे काय करावे? चाळीसएक नावे नियमात बसत नाहीत.

परभणीकर:
आधी सर्वांच्या प्रलंबित शाखा मर्ज करून घ्या, नंतर एकाच वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधील एका नोंदीत) केवळ नावे आणि त्यांचे इम्पोर्ट बदला. विंडोजवर फक्त अक्षराचा आकार बदलायचा असेल, तर गिटला तो बदल अनेकदा कळतच नाही. म्हणून 'गिट एमव्ही'ने आधी तात्पुरते नाव द्यावे आणि मग हवे ते. फाइलीचा जुना इतिहास पाहताना 'गिट लॉग'ला 'फॉलो' जोडावे, अन्यथा तो नव्या नावापाशीच थांबलेला दिसेल.