१५ वर्षांची टीटी, साडेअकरा लाख: घेऊ का डोकं फिरलंय माझं?

घाटवेडा_८८
मंडळी, सरळ विचारतो. औंधात एक ऑडी टीटी विकायला आहे. डिसेंबर २०११ ची, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) क्वाट्रो (चारी चाकांना ताकद), एमएच १२, सेकंड ओनर, ६८ हजार किमी. साडेअकरा मागतोय, मला वाटतं दहापर्यंत येईल. नवी होती तेव्हा चाळीस लाखांच्या वरची गाडी, २११ हॉर्सपॉवर, आणि ते मागून उतरतं छप्पर बघितलं की माझं दहावीपासून काहीतरी होतं ते सांगत बसत नाही. रोजसाठी वॅगनआर आहे, ऑफिस खराडीला, तिथे ही नेणार नाही. रविवारी पहाटे ताम्हिणी, कधीतरी वाईपर्यंत, एवढंच. बायको म्हणते त्याच पैशात नवी बलेनो दारात येते. बाबा ३० वर्षं टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) होते, ते काहीच म्हणत नाहीत, नुसता पेपर वाचतात, आणि खरं सांगू, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

काल बघून आलो. एक गोष्ट खटकली. फ्रिजवरचं चुंबक खिशात घेऊन गेलो होतो (यूट्यूबची कृपा). दाराला पटकन चिकटलं, पण पुढच्या फेंडरला आणि बॉनेटला अजिबात नाही, गळूनच पडलं. म्हणजे पुढून ठोकलेली आणि पुट्टी भरलेली गाडी आहे का?

नानापेठ_रिटर्न
अरे बाबा हसून हसून चहा सांडला. फेंडर अ‍ॅल्युमिनियमचा आहे रे! त्या टीटीची बॉडी बरीचशी अ‍ॅल्युमिनियमची, फक्त मागचा फ्लोअर, दारं, डिकीचं झाकण हे स्टील, वजन मागे नीट बसावं म्हणून केलेलं. उलट पुढच्या फेंडरला चुंबक चिकटलं असतं तर मी म्हटलं असतं पळ. आता खरी भानगड ऐक, अ‍ॅल्युमिनियमला डेंट गेला तर गल्लीतला डेंटर तो हातोडीने स्टीलसारखा काढायला जातो आणि पत्रा वाट्टेल तसा ताणून ठेवतो. त्यामुळे रंगाची जाडी मोजणारं मीटर घेऊन जा, चुंबक परत फ्रिजला लाव.

बाकी गाडी घे. लोक ऑडी म्हटलं की घाबरतात, पण ही आतून फोक्सवॅगन गोल्फ, स्कोडा ऑक्टाव्हियाच्या खानदानातली. इंजिन ईए८८८, त्याच घराण्यातलं १.८ आपल्याकडे स्कोडाच्या लॉरा आणि सुपर्बमध्ये ढिगाने आलं. इग्निशन कॉइल, प्लग, फिल्टर, वॉटर पंप, बरेचसे बुश, हे स्कोडावाल्याकडे त्याच मापाचे मिळतात, फक्त ऑडीच्या खोक्यात महाग. आणि पुण्यात चाकणला फोक्सवॅगन-स्कोडाचा कारखाना आहे, त्यामुळे या गाड्या उघडून बसलेले हात इथे जितके आहेत तितके बाकी कुठे फारसे नसतील.

हिशेबनीस
नको. आणि "खानदान" वगैरे भावनिक बोलून पोराला खड्ड्यात घालू नका.

आरसी बघितलीस का? डिसेंबर २०११ म्हणजे डिसेंबर २०२६ ला १५ वर्षं पूर्ण, म्हणजे तू गाडी घेतोयस आणि लगेच रिन्यूअलच्या रांगेत. पासिंग, पर्यावरण कर, वर फी. साध्या कारला फी ५,००० आहे, पण २०२१ च्या नोटिफिकेशनमध्ये आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० लिहिलंय. टीटी हंगेरीत बनायची, आपल्याकडे अख्खी बोटीने यायची. म्हणजे आरसीवर ती आयात म्हणून चढलीय का ते आधी बघ, एजंटच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि रिन्यूअल मिळतं ५ वर्षांचं. २० वर्षं झाली की तोच आकडा ८०,००० होतो, हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं.

थर्ड पार्टी इन्शुरन्स १५०० सीसीच्या वर ७,८९७, तो वेगळा. झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पूर्ण पैसे देणारा इन्शुरन्स) तर विसरच, या वयाच्या गाडीला कोण देतंय.

स्वस्तात_मस्त
दिल्लीची का बघत नाही कोणी? तिकडे हीच गाडी दोन-तीन लाखाने कमी मिळते, चकाचक असतात, एनओसी काढून आणायची.

हिशेबनीस
दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंदीची टांगती तलवार असते म्हणूनच तिथला माणूस तुला स्वस्तात देतोय, तुझ्यावर त्याचं प्रेम नाहीये. महाराष्ट्रात आणलीस की इथला टॅक्स. आयात गाडीला मूळ दर २० टक्के, वयाप्रमाणे कमी होतो, तरी मूळ किंमत चाळीस लाखांच्या वर धरून हिशेब कर आणि मग सांग किती वाचले. तिथला टॅक्स परत मिळवायला दिल्लीला किती चकरा माराव्या लागतील तेही धर.

ड्रायव्हिंग_सीटवरची_ताई
मी बोलू का, कारण इथे अजून एकानेही अशी गाडी स्वतः ठेवलेली दिसत नाही. माझ्याकडे २०१९ ते २०२३ जुनी जर्मन दोन-दरवाजी होती. कंपनी, मॉडेल लिहीत नाही, त्या लोकांशी भांडण संपलंय. हिशेबासाठी एक वही केली होती, लाल पुठ्ठ्याची, अजून आहे. आत्ता समोर घेऊन लिहितेय. पहिल्या वर्षी २ लाख ६० हजार. त्यात टायर चार, बॅटरी, पुढचे लोअर आर्म, आणि एसीचा कॉम्प्रेसर. दुसऱ्या वर्षी ४१ हजार फक्त, मी सगळ्यांना सांगत सुटले होते की बघा काही होत नाही. तिसऱ्या वर्षी गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं. गाडी वाकडच्या एका गॅरेजात सात आठवडे जॅकवर, पार्ट बाहेरून यायचा, पावसाळा, वरून पत्रा गळतोय, आणि मी दर शनिवारी जाऊन तिच्याकडे बघून परत यायचे, हॉस्पिटलात भेटायला जातो तसं. बिल १ लाख ८५ हजार.

पण एक सांगते, या वहीत एक ओळ अशीही आहे, "पानशेत, सकाळी ६, धुकं, कोणी नाही." तिच्यापुढे रकमेचा रकाना रिकामाच ठेवलाय.

तरीही माझं मत नको. पैशासाठी म्हणत नाहीये. तुझ्याकडे शनिवार आहेत का ते विचार. लहान मूल असेल तर तुझे शनिवार तुझे नसतात.

घाटवेडा_८८
ताई, मुलगी चार वर्षांची आहे. मागच्या सीटवर तिची कार सीट बसते का हे पण बघितलं. बसते. पण मग पुढच्या सीटवर बायकोचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. हे घरी सांगितलेलं नाही.

कोथरूडचा_काका
घ्यायची का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, बघायची कशी तेवढं सांगतो. मी २० वर्षं गाड्या उघडतोय.

पहिलं, गाडी थंड असताना बघा. न सांगता सकाळी जा. बॉनेटला हात लावा, कोमट असेल तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलेली आहे आणि तुम्हाला जे ऐकायला नको ते जिरलेलं आहे. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, लोक म्हणतात चेन म्हणजे आयुष्यभराची, पण सुरुवातीच्या बॅचमध्ये ती चेन ताणून धरणारा टेन्शनर कच्चा होता. थंड गाडीला पहिले दोन-तीन सेकंद ऑईलचं प्रेशर तयार व्हायच्या आत चेन सैल असेल तर डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो आणि मग गप्प होतो. तोच आवाज ऐकायला जायचं. चेनने दात सोडला की व्हॉल्व आणि पिस्टनची गाठ पडते आणि मग इंजिनचं काम म्हणजे गाडीच्या किमतीइतकं.

दुसरं, गिअरबॉक्स ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा सहा गिअरचा. त्याचं ऑईल आणि फिल्टर ६० हजार किमीला बदलायचं असतं. तुमची ६८ हजार झालीय, म्हणजे बिल मागा, "केलंय हो" नको, बिल. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅलडेक्स कपलिंगचं पण ऑईल असतं, ते कोणी बदलत नाही, कारण न बदलल्याचं चालवताना कळत नाही, मागची चाकं हळूच काम सोडून देतात आणि मालक खुशीत क्वाट्रो क्वाट्रो करत फिरतो.

तिसरं टायर. साइडवॉलवर चार आकडे असतात. २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसेल कारण गाडी उभीच होती, पण रबर दगड झालेलं. २४५/४० आर १८, चारी बदलायचे आहेत असं धरूनच बोलणी करा.

चौथं, हे इंजिन पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व धुतले जात नाहीत, वर काजळी बसते, सकाळी गाडी थरथरते. ती काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. होय, अक्रोडच. पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला बिल दिलं तर तो म्हणाला, काका, तुम्ही खाल्लेले माझ्या नावावर लावताय का.

इथेनॉलग्रस्त
आणि ई२० चं कोणी बोललंच नाही! २०११ ची गाडी, तिचे रबरी पाइप, सील, फ्युएल पंप हे वीस टक्के इथेनॉल धरून बनवलेत का? इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ही गाडी महिन्यातले २६ दिवस उभी राहणार. टाकीत काय होईल विचार करा. शंभर ऑक्टेनवाल्या (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल इंजिनात अवेळी न पेटण्याचं माप) एक्सपी१०० पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतं, पुण्यात मिळतं, पण लिटरला दीडशेच्या वर.

नानापेठ_रिटर्न
झालं, इथेनॉल आलंच. अहो, याच गाडीला कंपनीने ९५ ऑक्टेन सांगितलंय, आणि १० वर्षं लोक तिच्यात ९१ भरत होते तेव्हा तुम्ही झोपला होता का? ई२० चा ऑक्टेन तरी ९५ आहे. मायलेज पडतं, कबूल, इथेनॉलमध्ये ताकदच पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. पण रविवारच्या गाडीचं मायलेज कोण मोजतंय? उभी ठेवताना टाकी फुल ठेवा, पाइप दर वर्षी हाताने चाचपून बघा, मऊ चिकट लागला तर बदला. पाच-सहा हजाराचं काम.

हिशेबनीस
"पाच-सहा हजाराचं काम" अशी किती कामं या धाग्यात आतापर्यंत आली? मी बेरीज करतोय. आणि ती कोंबडी-मसाल्याची म्हण कोणीतरी आणेल म्हणून थांबलो होतो, कोणी आणली नाही, म्हणून मीच आणतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नानापेठ_रिटर्न
तुम्ही एसआयपी करा हो.

हिशेबनीस
करतो. म्हणून रात्री झोप लागते.

सिंहगड_रोडकर
एक मुद्दा राहिला, पाणी. जुलै २०२४ ला एकतानगरीत पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या ते लक्षात आहे ना. त्यातल्या किती धुऊन-पुसून बाजारात आल्या देव जाणे. सीटखालचं कार्पेट उचल, सीटचे बोल्ट बघ, स्पेअर व्हीलच्या खळग्यात हात घालून माती लागते का बघ. आणि ही गाडी जमिनीला किती टेकलेली आहे! तुमच्या सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर मोजलास का? आमच्याकडचा तर कमिटीने सिमेंटचा केलाय, त्यावर अ‍ॅक्टिव्हा पण घासते.

घाटवेडा_८८
मोजला. फूटपट्टीने. वॉचमन विचारत होता काय हरवलंय का. तिरकी घेतली तर निघते.

काकांनी सांगितलं तसं आज सकाळी पावणेसातला न सांगता गेलो. म्हणजे गेटवरून फोन केला की मी खालीच आहे. तो बर्म्युडावर खाली आला, चेहऱ्यावर "हा कोण येडा". बॉनेटला हात लावला, गार. चावी फिरवली. आणि काका, आवाज आला. अगदी तुम्ही लिहिलाय तसाच, डब्यात खिळे, दोन सेकंद असेल नसेल, मग एकदम शांत, जणू काही झालंच नाही. तो म्हणाला "थंडीमुळे". मी म्हटलं साहेब मे महिना आहे. टायर २०१६ चे. गिअरबॉक्सच्या ऑईलचं बिल मात्र आहे, ६१ हजार किमीला बदललेल्याचं, फाइलमधून काढून दाखवलं. पुढचा फेंडर मीटरवर ओरिजिनल. आरसीवर काय चढलंय त्याचा फोटो काढून आणलाय, हिशेबनीस तुम्हाला पाठवतो.

मी साडेआठ म्हटलं. तो म्हणाला "चहा घेऊन जा."

कोथरूडचा_काका
तो आवाज आल्यावर चेन बदलेपर्यंत गाडी चालवू नका, त्यालाही सांगा. टेन्शनर, चेन, गाइड सगळं एकदम करायचं, एकेक नाही. आणि साडेआठ ठीक बोललात. तो आठवड्याने फोन करेल.

ड्रायव्हिंग_सीटवरची_ताई
नाही केला तर बरं. म्हणजे केला तरी बरंच. जाऊ दे. वही लाल घे.

घाटवेडा_८८
अपडेट. फोन आला, पाच दिवसांनी, नऊ म्हणतोय. घरी जेवताना सांगितलं. बायको काही बोलली नाही, पोळी वाढली. बाबांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, आणि विचारलं, "चेन कुणाकडून बदलून घेणार?"

हिशेबनीस
म्हणजे आली गाडी घरात. पीयूसीची तारीख बघितलीस का?