छातीच्या मणक्यात मज्जारज्जू दबलाय, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं का?

काजवा:
बाबा ६२ वर्षांचे. वर्षभर चालताना पाय जड पडतात, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, आणि गेल्या महिन्यापासून लघवीची घाई. सगळ्यांनी कंबरच धरून ठेवली होती, कमरेच्या एमआरआयमध्ये विशेष काही नाही. मग एका न्यूरोवाल्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय असा उडाला की विचारू नका, म्हणाले वर कुठेतरी दाब आहे. पूर्ण मणक्याच्या एमआरआयमध्ये डी१०-११ ला (छातीचा दहावा-अकरावा मणका) रज्जू दबलेला निघाला. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीतून करू, सेंटिमीटरभर छेद, दुसरे म्हणतात उघडूनच करा. छेद छोटा तर धोकाही कमीच ना?

ओटीतला_माणूस:
नाही ना. छेद छोटा म्हणजे स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जातं, पेशंट लवकर उठतो, बस. आतलं काम रज्जूला खेटूनच चालतं. कमरेत एल१-२ च्या (कमरेचा पहिला-दुसरा मणका) खाली रज्जू संपलेला असतो, नसांची जुडी हळूच सारता येते, छातीत रज्जूला हलवायचंच नाही, जागा अरुंद आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा. पूर्वी पाठीमागून लॅमिना (मणक्याची मागची हाडाची कमान) काढून पुढची गादी काढायला जायचे आणि पेशंटचे पायच जायचे, म्हणून तर बाजूने, बरगडीकडून जायच्या पद्धती निघाल्या. दाब पुढून आहे का मागून? सीटी काढला का?

काजवा:
काढला. लिगामेंटम फ्लेवम ऑसिफिकेशन लिहिलंय, गादी ठीक आहे म्हणे.

ओटीतला_माणूस:
म्हणजे मागचं लिगामेंट हाडासारखं झालंय. दुर्बिणीतून होतं हे, डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेलं फिरतं टोक) घासत घासत अंड्याच्या टरफलाइतकं पातळ करायचं आणि मग अलगद उचलायचं. भानगड अशी की कधी कधी ड्युराही (रज्जूवरचं आवरण) त्यासोबत हाड झालेला असतो, उचलताना फाटतो आणि मेंदूमणक्याचं पाणी गळतं. उघड्यात टाका घालता येतो, दुर्बिणीच्या नळीतून टाका घालणं म्हणजे कसरतच. सीटीत दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसतात का विचारा, ती ड्युरा कडक झाल्याची खूण असू शकते. आणि दुर्बिणीतून छातीच्या किती केसेस केल्या ते विचारा, कमरेच्या मोजू नका.

पाठराखण:
माझं डी७-८, पण पुढची मऊ गादी होती, बाजूने दुर्बीण घातली. जागाच होतो. मध्येच मान भयंकर दुखायला लागली, बोललो तर त्यांनी लगेच पाण्याचं प्रेशर कमी केलं (आत सतत सलाइन सोडतात ना, प्रेशर वाढलं की असं होतं). दुसऱ्या दिवशी चाललो. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं ते आठवड्यात गेलं, पायाचा ताठपणा मात्र आठ महिन्यांनीही थोडा आहेच. हो, आणि मणका कसा मोजणार ते विचारा हं, छातीत लेव्हल चुकायची भीती असते, माझ्या वेळी आदल्या दिवशीच खूण करून ठेवली होती.

ओटीतला_माणूस:
काजवा, लघवीची घाई सुरू झालीय, दोन मतांमध्ये महिने घालवू नका. लघवी अडकली किंवा पाय झपाट्याने लुळे पडायला लागले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सी गाठा.

काजवा:
आज दुर्बीणवाल्या सर्जनना रेषांचं विचारलं, त्यांनी पुन्हा सीटी नीट बघितला आणि स्वतःच म्हणाले की आहेत, इथे उघडून केलेलं बरं. सोमवारी ॲडमिट करतोय, न्यूरोमॉनिटरिंग (ऑपरेशन चालू असताना रज्जूवर यंत्राने लक्ष ठेवणं) लावणार आहेत. बाबा विचारतायत टाके किती पडतील.