'द थिंग' : किळस नव्हे, संशय
'द थिंग' या भयपटात नुसती किळस आहे, भीती नाही, हे मत मला अजिबात पटलं नाही. माणसाचं हुबेहूब रूप घेणारा परग्रहवासी कोणात दडलाय, हे शोधायला केलेल्या रक्ताच्या चाचणीचा प्रसंग आठवा. बांधून ठेवलेली माणसं, प्रत्येकाच्या रक्ताची बशी, त्यात टेकवली जाणारी तापलेली तार. बराच वेळ काहीच घडत नाही, तरी माझा श्वास अडकतो. अंटार्क्टिकातल्या त्या तळावरून पळायला जागा नाही आणि शेजारचा माणूस माणूसच आहे का, याची खात्री नाही! १९८२ साली हा चित्रपट फारसा चालला नाही. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, लोकांना परग्रहवासी गोंडस हवा होता. मालिकांत अशी घुसमट मला 'द टेरर'च्या पहिल्या पर्वात जाणवली. बर्फात अडकलेली दोन जहाजं, संपत चाललेलं अन्न. त्यातला तो श्वापदासारखा प्राणी नसता तरी चाललं असतं.